अपत्ये : नाहीत

जळोचीत स्वरूपाला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. बाकीच्यांच्या लेखी ती 'कॅनडावाली'. हे नाव शाळेत असतानाच तिला चिकटलं, आणि ते चिकटवलं होतं तिला वाढवणाऱ्या आत्यानं, द्वारकाबाईनं. दारात कुणी आलंगेलं की पोरीकडं हात करून ती म्हणायची, "ही आमच्यात किती दिसाची? हिचं कागद झालं की हिचा बाप हिला कॅनडाला न्येणार हाय."

बाप म्हणजे विजयसिंह, मूळचा लासुर्ण्याचा. घरचा ऊस भावानं बघायचा आणि हा डिप्लोमा करून कारखान्यात यंत्रांवर कामाला लागलेला. स्वरूपा पाच वर्षांची असताना तिची आई इंदिरा काविळीनं गेली. पुढच्या वर्षी विजयसिंह शिकायला म्हणून कॅनडाला गेला आणि जाताना पोरीला बहिणीच्या ओटीत घालून गेला. द्वारकाबाईला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान मानसिंग एसटीत ड्रायव्हर, बारामती डेपोला. तेव्हापासून स्वरूपा आत्याला आई म्हणायला लागली आणि मानसिंगांना मामा.

विजयसिंहाचा फोन दर रविवारी यायचा. त्यानं तिकडं दुसरं लग्न केलं, श्रिया नावाच्या मूळच्या नाशिकच्या मुलीशी. मग त्याला तिथं कायम राहायचा कागद मिळाला, मुलगा झाला, त्याचं नाव अद्वय ठेवलं. हे सगळं स्वरूपाला फोनवरच कळत गेलं. प्रत्येक बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, "आता तुझंच बघायचं राहिलंय, बाळा."

नियम तिला पाढ्यासारखा पाठ होता. आईबाप तिथं कायमचे झाले की त्यांना आपलं मूल नेता येतं. मूल बावीसच्या आतलं पाहिजे आणि बिनलग्नाचं पाहिजे. या दोन अटींवर तिचं सगळं आयुष्य टांगून राहिलं. बारावीनंतर तिचा नंबर नर्सिंगला लागत होता. विजयसिंह म्हणाला, "तीन वर्षं तिथं अडकशील, इकडं आल्यावर शीक." तिनं जागा सोडली. पुढं इंदापूरच्या एका मास्तरांच्या मुलाचं स्थळ आलं. पाहायचा कार्यक्रम झाला, मुलगा तिला आवडला. द्वारकाबाईनंच त्यांना निरोप धाडला, की लग्न झालं तर पोरीची फाइल बंद होईल. मुलानं सात-आठ महिने वाट पाहिली आणि मग दुसरीकडं लग्न केलं. स्वरूपानं त्याच्याबद्दल कुणाजवळ काही बोलून दाखवलं नाही. ती भिगवण रस्त्यावर एका दाताच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या कामाला लागली आणि संध्याकाळी ज्ञानेश सरांच्या इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागली.

हे ज्ञानेश सर परदेशी जाणाऱ्या मुलांचे फॉर्मही भरून द्यायचे. एक दिवस त्यांनीच तिला विचारलं, "वय काय तुझं?"

"ऑगस्टमध्ये एकवीस पुरं होईल."

"मग वडील कशाची वाट बघतायत? बावीसच्या आत अर्ज तिथं पोचला पाहिजे. त्यानंतर बाप कितीही मोठा असला तरी उपयोग नाही."

त्या रविवारी ती पहिल्यांदा विजयसिंहाशी आवाज चढवून बोलली. आधी नागरिकत्व होऊ दे, मग घर घेऊ दे, मग अद्वय लहान आहे, अशी तिची वर्षं गेली होती. ती म्हणाली, "पप्पा, आता तारीख सांगा." तो म्हणाला, "बरं. टाकू."

अर्ज २०२४च्या जूनमध्ये गेला. आपल्या वाट्याचा भाग तिनं स्वतः भरला, जन्माचा दाखला, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, सगळं. ईमेल तिचाच दिला. द्वारकाबाईनं तिच्यासाठी दोन लोकरीचे स्वेटर आणले आणि शेजारच्या बायकांना दाखवले.

उत्तर आलं मार्चमध्ये. दवाखान्यात दुपारची वेळ होती, बाकावर तीन पेशंट बसलेले. फोनवर ईमेल दिसला तसा तिनं तो तिथंच उघडला. पत्र दीड पानाचं होतं, नकाराचं. त्यातलं एकच वाक्य तिनं चारदा वाचलं, कारण आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून अर्थ चुकतोय असं तिला वाटलं. मग तिनं पेशंटना सांगितलं, "डॉक्टर बोलावतील तुम्हाला," आणि तशीच उठून ज्ञानेश सरांकडं गेली.

सरांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तुझ्या वडिलांनी २०१२ साली स्वतःच्या कागदासाठी अर्ज केला होता ना, त्यात मुलांचा रकाना असतो. अपत्ये किती. तिथं त्यांनी 'नाहीत' असं लिहिलंय."

"मी त्यांच्याबरोबर जाणार नव्हते तेव्हा. म्हणून नसेल लिहिलं."

"बरोबर नेत नसलं तरी लिहावंच लागतं. मागं ठेवलेलं मूल असलं तर त्याचं नाव, जन्मतारीख, सगळं. त्याची तपासणीसुद्धा तेव्हाच होते. ज्याला त्या वेळी दाखवलं नाही, त्याला पुढं आपलं मूल म्हणून नेता येत नाही. हा तिथला जुना नियम आहे आणि प्रत्येक फॉर्मवर ठळक छापलेला असतो."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

ज्ञानेश सरांनी चष्मा पुन्हा लावला. ते म्हणाले, "एक वाट आहे. सध्या तिथं एक सवलत चालू आहे. बापानं खरं खरं लिहून दिलं, की मुलगी होती, या कारणानं मी दाखवली नाही, माझी चूक झाली, तर नवा अर्ज घेतात. पण तो तुझ्या बावीसाव्या वाढदिवसाच्या आत पोचला पाहिजे. चौदा ऑगस्ट ना? पाच महिने आहेत."

संध्याकाळी तिनं फोन लावला. तिकडं सकाळ होती, विजयसिंह कामावर निघाला होता. तिनं पत्र वाचून दाखवायला सुरुवात केली तशी तो मध्येच म्हणाला, "मलाबी आलंय ते."

"तुम्ही 'नाहीत' लिहिलंत, पप्पा."

"एजंट म्हणाला बाळा, मूल दाखवलं की फाइल लांबते. तपासणी, ताब्याचे कागद, कटकटी. आधी आपलं करून घ्या, पुढचं पुढं बघू म्हणाला. मी नवीन होतो."

"तेरा वर्षं झाली त्याला. दर रविवारी तुम्ही मला कागद होतायत म्हणून सांगत होता."

"मला वाटलं, निघंल काहीतरी वाट."

वाट निघाल्याचं तिनं त्याला सांगितलं. खरं लिहून द्यायचं, एवढंच. तो म्हणाला, "बघतो. वकिलाला विचारतो."

दोन दिवसांनी त्यानं व्हॉट्सअॅपवर एक मसुदा पाठवला. प्रतिज्ञापत्र होतं, सही स्वरूपानं आणि द्वारकाबाईनं करायची होती. त्यात लिहिलं होतं, की माझी आई इंदिरा मी पोटात असताना माझ्या वडिलांना सोडून माहेरी निघून गेली, माझा जन्म झाल्याचं तिनं वडिलांपासून लपवून ठेवलं, आणि ती वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२१मध्ये, आत्याकडून वडिलांना माझा पत्ता लागला.

खाली विजयसिंहाचा निरोप होता, 'एवढं केलं की काम होईल. माझ्यावर काही येणार नाही आणि तुझंही होईल.'

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात रजा सांगितली आणि लासुर्ण्याची एसटी पकडली. आपण का जातोय हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. ग्रामपंचायतीत जाऊन तिनं जन्माच्या नोंदीचं जुनं रजिस्टर मागितलं. क्लार्कनं कपाटातून २००३चं काढून दिलं. ऑगस्टच्या पानावर तिची नोंद होती. जन्माचं ठिकाण, राहतं घर. खबर देणाऱ्याचं नाव, विजयसिंह. नातं, वडील. पुढं त्याची सही, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ ओढलेली. तिनं मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.

परत निघताना तिला तानूबाई भेटली. पंचाहत्तरीची बाई, इंदिराच्या बाळंतपणाला हजर असलेली. स्वरूपाला ओळखायला तिला वेळ लागला, पण ओळखल्यावर तिनं तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं.

"इंदीचे डोळं हायेत तुझं. तिला वाडीच्या दवाखान्यात न्यायला जीप बोलावली हुती, पर तू कुठं थांबतीस. तुझा बाप भायेर उभा. पोरगी झाली म्हनल्यावर मला वाटलं तोंड पाडंल. तर गडी लगुलग पेढं आनाया गेला आन् गावभर वाटीत फिरला. धा दिसाची व्हायच्या आदी तुझं नाव घालून आला पंचायतीत." आणि मग विचारलं, "न्हेतोय का न्हाय तुला तिकडं?"

"न्हाय," स्वरूपा म्हणाली. तिथून उठताना तिला रडू आलं. त्यानं आपल्याला कधीच मानलं नाही असं असतं तर एक वेळ बरं होतं, असं तिला एसटीत बसल्यावर वाटत राहिलं.

जळोचीला घरी आली तर द्वारकाबाई कोथिंबीर निवडत बसलेली. मसुदा विजयसिंहानं तिलाही फोनवर वाचून दाखवला होता.

"सही करून टाक की बाई," ती म्हणाली. "मी बी करते. कागदावर लिव्हलं म्हंजी खरं व्हतं व्हय?"

"माझी आई पळून गेली असं लिहू?"

"ती बिचारी कुठं वाचाया येनार हाय."

स्वरूपानं तिच्याकडं पाहिलं. द्वारकाबाईच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, आणि गेल्या तीन दिवसांत ते कधीच नव्हतं. पत्राची बातमी कळली तेव्हाही तिनं कपाळाला हात लावला होता, पण 'असं कसं झालं' म्हणून विचारलं नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं?"

द्वारकाबाई खाली मान घालून काड्या खुडत राहिली. मानसिंग पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सांग तिला. आता किती दिस झाकणार?"

मग तिनं सांगितलं. २०१२ साली विजयसिंहाचा फोन आला होता. तो म्हणाला होता, आक्का, पोरीचं नाव मी माझ्या कागदात घालत न्हाय, तू तिला तुझ्या रेशनकार्डावर चढवून घे. म्हणजे कुणी विचारलं तर तुझीच म्हणून सांगता येईल. द्वारकाबाईनं महिन्याभरात ते करून घेतलं होतं.

"तवा मी म्हनलं हुतं त्याला, पुढं अडचन व्हईल. मामांनी बी सांगितलं. पर तो म्हनला, माझं मी बघतो."

"आणि तेरा वर्षं तू लोकांना सांगत राहिलीस, हिचा बाप हिला नेणार आहे. माझं नर्सिंग सुटलं तेव्हा माहीत होतं. ते इंदापूरचं स्थळ तूच मोडलंस. तेव्हासुद्धा माहीत होतं तुला."

द्वारकाबाईनं पदर डोळ्याला लावला. "कागदावर न्हाईस तवर तू माझ्यापाशी ऱ्हाशील, असं वाटायचं गं मला. आन् लगीन झालं आसतं तर तिकडूनबी ग्येली आसतीस. दुसरं काय हुतं माझ्या घरात?"

मानसिंग उठून बाहेर गेले. स्वरूपानं मसुदा फोनमधून काढून टाकला. "मी सही करणार नाही, आत्या," ती म्हणाली. आत्या हा शब्द ऐकून द्वारकाबाईचा चेहरा उतरला. स्वरूपाला तो दिसला, पण तिनं शब्द बदलला नाही, तेव्हाही आणि नंतरही.

विजयसिंहाला तिनं रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'खरं लिहा, मी येते. खोटं लिहिलं तर मी येणार नाही.' त्यानं वाचलं. उत्तर आलं नाही. त्यापुढच्या रविवारी फोनही आला नाही.

एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई होती, आवाज चाचरत होता.

"मी श्रिया बोलतेय. अद्वयची आई. मला त्यांच्या ईमेलमध्ये तुझ्या अर्जाचं नकाराचं पत्र सापडलं. एक विचारू? तू दत्तक दिलेली ना?"

"कुणाला?"

"तुझ्या आत्याला. मला लग्नाआधी सांगितलं होतं, की पहिल्या बायकोपासून एक मुलगी होती, ती बहिणीला रीतसर दत्तक दिलीय. तीच तिची आई आता. म्हणून मी कधी विषयच काढला नाही. मला वाटलं, तुलाही तसंच सांगितलं असेल."

स्वरूपानं तिला सगळं सांगितलं. मध्ये मध्ये श्रिया नुसतं "देवा" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "मी त्यांना लिहायला लावते. जे खरं आहे तेच. तू काळजी करू नकोस."

आणि खरंच चार दिवसांनी विजयसिंहाचा फोन आला. खूप रडला. म्हणाला, "चुकलं माझं. लिहितो सगळं. जे व्हायचं ते होऊ दे." ज्ञानेश सरांनी पत्र कसं लिहायचं ते फोनवर त्याला समजावून सांगितलं. स्वरूपानं आपले कागद पुन्हा काढले, पोलिसांचा नवा दाखला घेतला, फोटो काढून घेतले आणि सगळं स्कॅन करून पाठवलं. जुलैच्या अठ्ठावीस तारखेला त्याचा निरोप आला, 'अर्ज टाकला.' तिनं दवाखान्यात पेढे दिले. त्या दोन आठवड्यांत तिनं द्वारकाबाईशी पुन्हा नीट बोलायला सुरुवात केली होती. स्वेटर काढून उन्हात टाकले होते.

"पोचपावती नंबर घे," ज्ञानेश सर म्हणाले. "अर्ज गेला की लगेच येतो."

तिनं मागितला. विजयसिंह म्हणाला, "येईल, सध्या उशीर होतोय तिकडं." पाच ऑगस्टला मागितला. दहाला मागितला. चौदा तारखेला त्यानं सकाळीच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, केकचं चित्र पाठवलं. नंबर पाठवला नाही. मुदत संपली होती, आणि नंबर नाही म्हणजे अर्जही नाही, हे तिला कळलं.

वीस तारखेला श्रियाचा निरोप आला. 'मी आज त्यांच्या लॅपटॉपवर पाहिलं. फॉर्म पूर्ण भरलेला आहे. पत्रही जोडलेलं आहे. पण पाठवायचं बटण दाबलेलंच नाही. मला पण टाकला म्हणूनच सांगितलं होतं. माफ कर.'

स्वरूपा त्या वेळी दवाखान्यात होती. तिनं निरोप वाचला, फोन खणात ठेवला आणि समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "कुठला दात दुखतोय, आबा?" संध्याकाळपर्यंत तिनं काम केलं. घरी जाऊन मानसिंगांना एवढंच म्हणाली, "मामा, नर्सिंगचे फॉर्म अजून चालू आहेत का, उद्या बघून येता?"

मानसिंग एकटेच इंदापूरपर्यंत जाऊन आले. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत तिथल्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली. वर्गात बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या, ही बावीसची. ती वसतिगृहात राहायला गेली. मानसिंग दर पंधरा दिवसांनी डबा घेऊन यायचे आणि डबा कुणी बनवला ते सांगायचे नाहीत. ती खायची. दिवाळीला ती जळोचीला गेली, तीन दिवस राहिली. द्वारकाबाई सारखी तिच्या अवतीभवती होती. दोघी फराळाला बसल्या, चकल्या चांगल्या झाल्या म्हणून बोलल्या. त्यापलीकडं बोलणं गेलं नाही.

विजयसिंह जानेवारीत आला. एकटाच. लासुर्ण्याला उतरून भावाच्या गाडीनं थेट कॉलेजवर आला. तिनं त्याला सोळा वर्षांनी समोर पाहिलं. फोनच्या पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा तो बुटका होता, केस मागं गेलेले. दोघं समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसले. तिला दोन वाजता वॉर्डात जायचं होतं.

"रोज बसायचो त्या फॉर्मसमोर," तो म्हणाला. "बटणावर हात जायचा आणि थांबायचा. वाटायचं, तेव्हा खोटं लिहिलं म्हणून हे सगळंच काढून घेतील. घर, नोकरी. अद्वय तिथंच जन्मलाय, त्याला घेऊन कुठं जाऊ."

"मग तसं सांगायचं होतं."

"कसं सांगू पोरी?"

"मला जमत नाही, एवढं सांगायचं. मी दहा वर्षांची असताना सांगितलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि गप बसले असते. तुम्ही नेलं नाही त्याचा मला तेवढा राग नाही, पप्पा. मी जाणारच आहे म्हणून इथलं काहीच माझं होऊ दिलं नाहीत तुम्ही. तुम्ही आणि आत्यानं, दोघांनी. आणि जुलैमध्ये तरी कशाला सांगितलंत, टाकला म्हणून?"

त्यानं चहाचा ग्लास बाकावर ठेवला. म्हणाला, "मला माफ करशील?"

"आत्ता तरी नाही," ती म्हणाली.

त्यानं खिशातून फोन काढला. "तुझा एक फोटो घेऊ का? या ड्रेसमध्ये. अद्वयला दाखवतो."

"अद्वयला मी कोण ते सांगितलंय?"

"श्रिया म्हणते सांग. अजून नाही सांगितलं."

"आधी सांगा. मग त्यानं मागितला तर मी स्वतः पाठवीन."

"सांगतो," तो म्हणाला. "गेल्या गेल्या सांगतो. त्याला म्हणतो, तूच फोन कर ताईला."

तिनं मान हलवली. दोन वाजायला दहा मिनिटं होती. ती उठली, त्याच्या पाया पडली नाही आणि रस्ता ओलांडून आत गेली. त्या दुपारी वॉर्डात बारा पेशंट होते, त्यातल्या चौघांचं ड्रेसिंग तिच्याकडं होतं.

विजयसिंह आठवड्यानं परत गेला. अद्वयचा फोन अजून आलेला नाही.